गोळीची तीन नावे

वेलचेरीच्या मुख्य रस्त्यावरील एका औषधदुकानात दुकानदाराने माझ्या हातातील चिठ्ठी वाचली, मागे वळून दोन पाकिटे काढली आणि त्यांपैकी एक आधी वर्तमानपत्राच्या कागदात व मग खाकी पिशवीत गुंडाळून माझ्यापुढे सरकवले. दुसरे, लोहाच्या गोळ्यांचे पाकीट त्याने तसेच उघडे दिले. पाळी सुरू होऊन तो माझा सतरावा दिवस होता. हिमोग्लोबिन ८.९ वर आले होते आणि प्रयोगशाळेचे दोन जिने चढताना मध्येच थांबावे लागत होते. सोनोग्राफीत दोष आढळला नव्हता, थायरॉइडची तपासणी ठीक होती, गर्भधारणा नाही याचीही खात्री करून घेतली होती. डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितले होते, की या महिन्यात अंडाशयातून बीज सुटलेले दिसत नाही. तीन महिने ही गोळी घ्या, मग पुन्हा पाहू.

त्या संध्याकाळी साताऱ्याला आईला फोन केला. गोळीचे नाव ऐकून ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, पण त्या तर लग्न झालेल्या बायकांच्या गोळ्या!"

मला आठवले ते दहावीचे वर्ष. गौरी बसण्याच्या चार दिवस आधी याच आईने गल्लीतल्या दुकानातून कसलीही चिठ्ठी न देता गोळ्या आणून माझ्या हातावर ठेवल्या होत्या. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. त्याची तिला आठवण करून दिली, तेव्हा ती म्हणाली, "त्या वेगळ्या. त्या देवासाठी होत्या."

त्या खरोखरच वेगळ्या होत्या का? माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे. एखाद्या वस्तूला काय म्हणतात यापेक्षा ती काय करते हे आधी पाहावे, अशी आमच्या विषयाची सवय आहे. त्या सवयीने मी या गोळीचा इतिहास वाचू लागले, आणि एकाच कुळातील रेणूंना समाजाने तीन वेगवेगळी नावे कशी दिली याची गोष्ट हाती लागली. ती गोष्ट विज्ञानाची आहे तितकीच नावांचीही आहे.

प्रथम विज्ञान पाहू. पाळीच्या चक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे आतील अस्तर वाढत जाते. मध्यावर अंडमोचन होते, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज सुटते. बीज सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराची वाढ थांबवते आणि त्याला स्थैर्य देते. गर्भ राहिला नाही, की पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन एकाएकी उतरते आणि अस्तर सर्व ठिकाणी साधारण एकाच वेळी गळून पडते. हीच नेहमीची पाळी.

हे 'एकाच वेळी' फार महत्त्वाचे आहे. अंडमोचनच झाले नाही, तर पीतपिंड नाही आणि प्रोजेस्टेरॉनही नाही. अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर नुसते वाढत राहते, भुसभुशीत होते आणि आज इथून, उद्या तिथून असे तुकड्यातुकड्याने सुटू लागते. एका जागी जखम भरते न भरते तोच दुसऱ्या जागी रक्तस्राव सुरू होतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात, पीसीओएसमध्ये, कधी कधी मोठ्या ताणातही असे घडते. आमच्या भागात याला 'अंगावरून जाणे' म्हणतात. ते थांबत नाही, तेव्हा बायका 'फार जातंय' एवढेच सांगतात आणि बहुधा तेही फक्त बायकांनाच.

रक्तस्राव कसा सुरू होतो हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय पूर्वी नव्हती. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मार्की यांनी त्यासाठी एक विलक्षण उपाय केला. ऱ्हीसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे छोटे तुकडे त्यांनी त्याच माकडिणींच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रुजवले. पारदर्शक बुबुळाच्या खिडकीतून ते अस्तर चक्रागणिक वाढताना व गळताना दिसू लागले. १९४० साली त्यांनी लिहिले, की संप्रेरके उतरली की अस्तरातील मळसूत्री धमन्या आकुंचन पावतात आणि त्यानंतर रक्तस्राव सुरू होतो. पाळी म्हणजे शरीरातील घाण बाहेर पडणे नव्हे. एका संकेताच्या अभावाला रक्तवाहिन्यांनी दिलेला तो प्रतिसाद आहे, हे तेव्हा डोळ्यांनी दिसले.

मग उपचाराची दिशा उघड होती : शरीरात जो संकेत उमटला नाही तो बाहेरून द्यावा. प्रोजेस्टेरॉन १९३४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करता आले होते. परंतु ते मिळवायला हजारो डुकरिणींची अंडाशये लागत, आणि तोंडावाटे घेतले तर यकृत त्याचा बहुतांश भाग निष्प्रभ करून टाकी. १९५३ च्या सुमारास संशोधकांनी ते तोंडावाटे देऊन पाहिले, तेव्हा दिवसाला ३०० मिलिग्रॅम द्यावे लागले आणि तरीही परिणाम बेभरवशाचा राहिला.

यातील पहिली अडचण एका कंदाने सोडवली. रसेल मार्कर या हट्टी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवण्याची रीत शोधली. हा कंद आपल्याकडच्या कोनफळाच्या आणि कडू करांद्याच्या कुळातला. १९४४ साली मेक्सिको शहरात या कंदाच्या आधारावर सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. तिच्याच प्रयोगशाळेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, जॉर्ज रोझेनक्रांझ आणि कार्ल जेरासी यांच्या मार्गदर्शनाखाली, लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या मेक्सिकन विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन हा रेणू तयार केला. तोंडावाटे घेतला तरी तो टिकून राही आणि अगदी थोड्या मात्रेत प्रोजेस्टेरॉनचे काम करी. या रसायनशास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे तेव्हा पाळीच्या तक्रारी आणि वंध्यत्व हे आजार होते. संततिनियमन हा त्यांचा हेतू नव्हता. अमेरिकेतील सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी याच सुमारास नॉरएथिनोड्रेल हे त्याचे भावंड बनवले.

संततिनियमनाचा हेतू दुसरीकडून आला. ग्रेगरी पिंकस आणि मिन च्वे चांग हे शास्त्रज्ञ, जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ, मार्गारेट सँगर या कार्यकर्त्या आणि सारा खर्च उचलणाऱ्या कॅथरिन मॅकॉर्मिक ही मंडळी गर्भधारणा रोखणाऱ्या गोळीच्या शोधात होती. रॉक ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काम करीत तेथे गर्भनिरोधक साधने देणे हा गुन्हा होता. म्हणून १९५४ साली त्यांनी आपल्या वंध्यत्वाच्या रुग्णांवर या रेणूंची चाचणी घेतली, तीही वंध्यत्वावरील संशोधनाच्या नावाखाली. मोठी चाचणी १९५६ साली प्वेर्तो रिको बेटावरील गरीब वस्तीत झाली. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत, हे तेथील स्त्रियांना नीट सांगितले गेले नव्हते. चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांसारखा त्रास होत असल्याचे कळवले. तो त्रास वरिष्ठांनी मनाचा खेळ म्हणून बाजूला सारला. या गोळीचा इतिहास सांगताना हे पान गाळता येत नाही.

याच चाचण्यांच्या काळात असे काही घडले, की जे वाचताना प्रयोगशाळेत काम करणारा कोणीही हसेल. नॉरएथिनोड्रेलच्या सुरुवातीच्या साठ्यात मेस्ट्रॅनॉल या इस्ट्रोजेनची भेसळ निर्मितीच्या प्रक्रियेतूनच राहून गेली होती. ती लक्षात आल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी गोळी शुद्ध केली; आणि ती घेणाऱ्या स्त्रियांना अधूनमधून रक्तस्राव होऊ लागला. अस्तराला धरून ठेवण्याचे निम्मे काम ती अशुद्धीच करीत होती! मग ती मुद्दाम, मोजून, परत घालण्यात आली. एनोव्हिड या नावाने आलेल्या १० मिलिग्रॅमच्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल होते. आजच्या बहुतेक गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखा एक आणि इस्ट्रोजेनसारखा एक असे दोन घटक असतात. ही जोडी रूढ होण्यामागे रक्तस्राव आवरण्याचा हा धडा आहे. पहिला घटक वाढ रोखतो, दुसरा अस्तर सावरतो. आणि दोन्ही मिळून मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला 'सध्या बीज नको' असा निरोप देतात.

आता पहिले नाव. १९५७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एनोव्हिडला मान्यता दिली ती पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून. त्याच वर्षी नॉरएथिस्टेरॉनची गोळीही याच कारणासाठी बाजारात आली. गोळीने अंडमोचन थांबते अशी सूचना सोबत होती. तिने धोक्याच्या इशाऱ्यापेक्षा जाहिरातीचेच काम अधिक केले असावे. पुढच्या दोन वर्षांत पाळीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या अमेरिकी स्त्रियांची संख्या आश्चर्यकारक रीतीने वाढली. १९५९ च्या अखेरीस सुमारे पाच लाख स्त्रिया ही गोळी घेत होत्या, असे सांगितले जाते. त्यांतील कितीजणींना खरोखर पाळीची तक्रार होती, हे कोणी विचारले नाही. संततिनियमनासाठी अधिकृत मान्यता १९६० साली मिळाली.

म्हणजे या गोळीचे पहिले नाव होते 'पाळीचे औषध'. त्या नावाच्या आडोशाने अनेक स्त्रियांनी गर्भनिरोधन साधले. भारतात पुढे नेमके याच्या उलट घडले.

भारतात हा विषय उघडपणे मांडणाऱ्यांत एका मराठी गणिताच्या प्राध्यापकाचे नाव पहिल्या ओळीत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. या कार्यापायी १९२५ साली कर्व्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींची संमती त्यांना मिळाली नाही. १९५२ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कुटुंबनियोजनाच्या जागतिक महासंघाची स्थापना झाली. धनवंती रामा राव त्या परिषदेच्या अग्रभागी होत्या. एके काळी त्यांनी याच मद्रासमध्ये, क्वीन मेरीज कॉलेजात अध्यापन केले होते. त्याच सुमारास स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. असे करणारा तो जगातील पहिला देश.

गोळी या देशात सर्वसामान्य घरापर्यंत पोचली ती याच कार्यक्रमाच्या हाताने. लाल त्रिकोणाच्या चिन्हाखाली, 'माला-एन' या नावाने सरकारी केंद्रांत मोफत आणि 'माला-डी' या नावाने दुकानांत स्वस्त दरात. पाकिटात २८ गोळ्या : २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. आजच्या अशा गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल असते; पहिल्या एनोव्हिडच्या मानाने हे घटक वेगळे आणि मात्रा फार कमी. कार्यक्रमाचे हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्याबरोबर गोळीला दुसरे नाव चिकटले : 'कुटुंबनियोजनाची गोळी'.

या नावाचे व्याकरण पाहा. त्यात 'कुटुंब' आधी येते. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत नोंद होते ती 'पात्र जोडप्याची'. पत्नीचे वय, मुले किती, शेवटचे मूल केवढे. जिला जोडीदार नाही पण जिच्या अंगावरून सतरा दिवस जाते आहे, अशा मुलीसाठी त्या वहीत रकानाच नाही. गोळी तीच, दुकानही तेच. पण ती मागायची म्हणजे स्वतःविषयी काहीतरी कबूल करायचे, असा अर्थ त्या नावातून निघू लागला. वेलचेरीच्या दुकानातील तो वर्तमानपत्राचा कागद या दुसऱ्या नावावर गुंडाळलेला होता. अमेरिकेत पाळीच्या नावाखाली गर्भनिरोधन लपले; आपल्याकडे गर्भनिरोधनाच्या नावाखाली पाळीचे औषध लपून गेले.

तिसरे नाव मात्र खास आपल्या घरांतले आहे. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्न, देवदर्शन, वारी : या सर्वांच्या आधी मराठी घरांतून ज्या 'पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या' आणल्या जातात, त्यांत बहुधा असतो तो नॉरएथिस्टेरॉन. हाच तो मिरामोंतेसचा १९५१ चा रेणू. पाळी लांबवण्यासाठी नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे रोज १५ मिलिग्रॅम. हाच रेणू असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीत तो साधारणतः १ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो. इतक्या मोठ्या मात्रेत घेतल्यास त्याचा अल्पसा अंश शरीरात एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये रूपांतरित होतो. म्हणजे ज्या इस्ट्रोजेनची आपल्याला धास्ती वाटते, ते याही वाटेने थोडेसे शरीरात येतेच. गंमत अशी, की एवढी मात्रा पाळी पुढे ढकलते, पण तिला गर्भनिरोधक मानता येत नाही. आणि रक्तस्राव थांबवण्यासाठीही डॉक्टर हाच रेणू वापरतात. आईने दहावीत मला दिलेली 'देवासाठीची' गोळी आणि डॉक्टरांनी वेलचेरीत लिहून दिलेली गोळी या सख्ख्या नव्हेत, पण चुलत बहिणी नक्कीच. त्यांपैकी मोठ्या मात्रेची गोळी चिठ्ठीशिवाय आणि संकोचाशिवाय घरात आली. थोड्या मात्रेची गोळी मात्र खाकी पिशवीत लपून आली.

नाव हे रेणूत नसते, याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्याच देशात आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत डॉ. नित्या आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंटक्रोमान हा स्टेरॉइड नसलेला रेणू घडवला. त्याचे दुसरे नाव ऑर्मेलॉक्सिफेन. तो शरीरातील काही ठिकाणी इस्ट्रोजेनला अडवतो, तर काही ठिकाणी त्याच्यासारखा वागतो. दीर्घ संशोधनानंतर १९९१ साली तो 'सहेली' या नावाने आठवड्यातून एकदा घेण्याची गर्भनिरोधक गोळी म्हणून बाजारात आला. पहिले तीन महिने मात्र ती आठवड्यातून दोनदा घ्यायची असते. २०१६ साली तो 'छाया' या नावाने राष्ट्रीय कार्यक्रमात दाखल झाला. गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ न देण्याच्या त्याच्या गुणामुळे आज भारतातील स्त्रीरोगतज्ज्ञ तो अतिरिक्त रक्तस्रावावरही देतात. एनोव्हिड पाळीचे औषध म्हणून निघाली आणि गर्भनिरोधक झाली; सेंटक्रोमान गर्भनिरोधक म्हणून निघाला आणि पाळीचे औषध झाला. दोन्ही दिशांनी प्रवास शक्य आहे, कारण गर्भाशयाला पाकिटावरची अक्षरे वाचता येत नाहीत.

याचा अर्थ गोळी निरुपद्रवी आहे असा नव्हे. १९६१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्डन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका रुग्णेची नोंद छापली. गोळी घेऊ लागल्यावर तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. लक्षणीय बाब अशी, की तिला ती गोळी संततिनियमनासाठी नव्हे, एंडोमेट्रिओसिस या विकारासाठी दिलेली होती. १९७० साली अमेरिकी सिनेटमधील सुनावणीनंतर पाकिटात धोक्यांची माहितीपत्रिका घालणे बंधनकारक झाले. आज लेव्होनॉरजेस्ट्रेलची संयुक्त गोळी घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे ५ ते ७ जणींना अशी गुठळी होते. गोळी न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २ आहे. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर ते गोळीपेक्षाही बरेच अधिक असते. पूर्वी गुठळी झालेली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन अर्धशिशी येत असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, किंवा वय ३५ च्या पुढे असून धूम्रपानाची सवय असेल, तर ही गोळी योग्य नाही.

शिवाय रक्तस्रावाचे कारण शोधल्याविना गोळी सुरू करणे म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवण्यासारखे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ साली या कारणांचे नऊ गट केले : चार रचनेचे, जसे मोड, गाठी, अस्तर स्नायूत शिरणे व कर्करोग, आणि पाच इतर, ज्यांत रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष, अंडमोचनातील बिघाड, औषधांचे परिणाम वगैरे येतात. आठ दिवसांहून अधिक चालणारी पाळी त्यांच्या व्याख्येनुसार लांबलेली समजावी. अगदी पहिल्या पाळीपासून फार जात असेल, तर रक्त गोठण्याची तपासणी हवी. वय ४५ च्या पुढे असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला हवा. संप्रेरके नको असतील, तर जपानमध्ये ओकामोतो दांपत्याने १९६२ साली शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आहे. ते तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही आणि स्राव कमी करते. गोळी हा एक पर्याय आहे, एकमेव नव्हे. पण तो पर्याय आहे हे माहीत असायला हवे.

माहीत नसले, तर काय होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्याची कारणे अनेक. महिन्यागणिक वाहून जाणारे लोह हे त्यांतील एक, आणि बहुधा सर्वांत कमी बोलले जाणारे. पण या मौनाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती बीड जिल्ह्याने.

ऊसतोडीच्या टोळीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायको मिळून एक जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला, तर दंड कापला जातो. फडात न्हाणी नाही, संडास नाही, पाणी नाही. अशा ठिकाणी पाळी लांबणे हा आजार राहत नाही, ते कर्ज होते. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची 'पिशवी काढलेली' आढळली. त्यांतील अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पोटदुखी, अंगावरून जाणे, पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेली होती. जोडपे म्हणून त्या मुकादमाच्याही वहीत होत्या आणि आरोग्यसेविकेच्याही. पाळीचा रुग्ण म्हणून मात्र त्या कोणाच्याच वहीत नव्हत्या.

त्या साऱ्याजणींना गोळी पुरली असती, असा दावा मी करणार नाही. अनेकींना जंतुसंसर्ग होता, अनेकींना हवे होते ते पाणी, संडास आणि सुट्टीचा एक दिवस. पण तीन महिन्यांची स्वस्त गोळी, लोह आणि पुन्हा एक तपासणी ही पायरी गाळून थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचण्याचा रस्ता इतका आखूड कसा झाला, हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. कागदावर ही पायरी आता परत आली आहे.

माझे सांगायचे, तर पहिल्या पाकिटाच्या तिसऱ्या दिवशी स्राव ओसरू लागला. पहिल्या आठवड्यात मळमळ होती. पाकीट संपताना जी पाळी आली, ती खरे तर पाळी नव्हेच. संप्रेरके थांबल्यावर अस्तर एकदम, नीटपणे गळते, इतकेच. ज्या कामासाठी पूर्वी क्युरेटिन करीत, ते अनेकदा असे साधते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले आणि ते दोन जिने पुन्हा दोनच जिने वाटू लागले.

दिवाळीनंतर आई वेलचेरीला आली. टेबलावरचे रिकामे पाकीट तिने उचलले, चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचण्याचा प्रयत्न केला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या मावशीची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. तिलाही असंच जात होतं. तेव्हा ह्या गोळ्या होत्या का गं?"

होत्या. तालुक्याच्या प्रत्येक दुकानात होत्या, सरकारी दवाखान्यात तर मोफत होत्या. फक्त त्यांच्यावर दुसरे नाव लिहिलेले होते.

हे वाचणाऱ्या विद्यार्थिनींना, आणि विद्यार्थ्यांनाही, एवढेच सांगणे : पाळी आठ दिवसांच्या पुढे गेली, तर दिवस मोजा, लिहून ठेवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कारण काय असू शकते, पर्याय कोणते आणि मला धोका किती, हे तीन प्रश्न विचारा. गोळी हाती आली, की पुढचे मोठे नाव सोडून मागचे घटक आणि मिलिग्रॅम वाचा. आणि दुकानदाराने ती कागदात गुंडाळायला घेतली, तर 'नको, तशीच द्या' म्हणून पाहा.